चाईत किडा नसतो: केस जाण्याच्या आजारांबद्दल थोडं सविस्तर

डिसेंबर २०२४ संपता संपता बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस मुठीमुठीने हातात येऊ लागले. काही दिवसांतच डोकी मोकळी. लहान मुलं, तरुण मुली, म्हातारी माणसं, कुणी सुटलं नाही. जानेवारीपर्यंत १८ गावांतल्या २७९ जणांची नोंद झाली. आधी संशय गेला पाण्यावर, मग बुरशीवर, आणि 'टक्कल व्हायरस' आल्याचीही आवई उठली. विंचूदंशावरच्या कामामुळे ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी खाण्यातल्या गव्हाकडे आणि त्यातल्या जास्तीच्या सेलेनियम या खनिजाकडे बोट दाखवलं. पुढे यातल्या काही जणांची नखंही गळाल्याच्या बातम्या आल्या.

नखांची ती बातमी नीट वाचण्यासारखी होती. बुरशीने इतक्या लोकांचे केस एका आठवड्यात, तेही न खाजता जात नाहीत. साध्या केसगळतीत नखं पडत नाहीत. केस आणि नखं दोन्ही जातात तेव्हा अंगात काहीतरी प्रमाणाबाहेर गेल्याचा संशय घ्यावा लागतो, आणि जास्तीच्या सेलेनियमचं हेच लक्षण आहे. म्हणजे केस जाण्याची तऱ्हाच कारणाचा पत्ता सांगत असते. 'केस गेले' हे 'ताप आला' म्हणण्यासारखं आहे. मलेरियाचा ताप वेगळा, टायफॉइडचा वेगळा. गंमत अशी, की तापाला आपण रक्त तपासतो आणि केसांना मात्र थेट तेल विचारतो.

केस वाढतो कसा: एसटी आगाराचं गणित

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येकाच्या मुळाचं स्वतःचं वेळापत्रक असतं: दोन ते सहा वर्षं वाढ, दोन-तीन आठवडे आवराआवर, मग सुमारे तीन महिने विश्रांती. विश्रांती संपली की जुना केस गळतो आणि त्याच मुळातून नवा निघतो.

एसटीचं आगार डोळ्यांपुढे आणा. शंभर गाड्यांपैकी ८५ ते ९० रस्त्यावर आणि उरलेल्या आगारात. एक लाख केसांतले दहा हजार विश्रांतीत आहेत आणि ती विश्रांती शंभरेक दिवसांची आहे असं धरलं, तर रोज शंभरेक केस गळायलाच हवेत. म्हणूनच डॉक्टर 'दिवसाला ५० ते १०० केस जाणं नॉर्मल' म्हणतात. आठवड्यातून दोनदा न्हाणाऱ्या बाईला तीन-चार दिवसांचे केस एकदम मोरीच्या जाळीवर दिसतात आणि ती घाबरते. लांब केसांचा तर पन्नासाचाही केवढा गुंता दिसतो.

जास्त गळतंय का, हे घरी बघता येतं. एक दिवस न न्हाता पन्नास-साठ केसांची बट चिमटीत धरा आणि मुळापासून टोकापर्यंत हळू ओढत न्या. दोन-चार केस आले तर काळजी नको. डोक्याच्या तीन-चार जागी सहा-सात किंवा जास्त येत असतील, तर गळती खरी आहे.

तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं?

सगळ्या डोक्यावरून भरभर केस जातायत, पण कुठेही मोकळी चकती नाही, तर आधी कॅलेंडर काढा. डेंग्यू, टायफॉइड, कोविड, बाळंतपण, मोठं ऑपरेशन, महिन्यात आठ किलो उतरवणारं डाएट: यातलं काही दोन-तीन महिन्यांपूर्वी झालेलं असतं. शरीरावर आघात झाला की पुष्कळ गाड्या एकदम आगारात लागतात, आणि तीन महिन्यांनी ते सगळे केस एकदम गळतात. याला टेलोजेन एफ्लुवियम म्हणतात. नाव भारदस्त असलं तरी आजार दिलदार आहे. कारण गेलं की गळती बहुधा सहा महिन्यांत आपणहून थांबते.

इथेच फसगतही होते. ताप गेल्यावर तिसऱ्या महिन्यात गळती सुरू, पाचव्यात माणूस कुठलं तरी तेल आणतो, सातव्यात केस येतात आणि श्रेय तेलाला मिळतं. पण गळती सहा महिन्यांवर लांबली, तर हिमोग्लोबिन, फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, आणि थायरॉइड एवढं तपासून घ्यावं. भरपूर पाळी जाणाऱ्या बायकांत हिमोग्लोबिन ठीक आणि फेरिटिन तळाला, असं नेहमी दिसतं.

कपाळ मागे सरकतंय किंवा भांग रुंदावतोय

हे आनुवंशिक टक्कल. मुळं मरत नाहीत, वर्षानुवर्षं बारीक होत जातात, आणि दोरीसारखा केस लव होतो. पुरुषांत कानशिलांवर आणि टाळूवर, बायकांत भांगाच्या दोन्ही बाजूंना. यावर मिनॉक्सिडिल हे डोक्याला लावायचं औषध चालतं, पण लोक ते दोन ठिकाणी चुकतात. एक, औषध केसांवर फासतात. ते कोरड्या डोक्याच्या कातडीला लागायला हवं, एका वेळी एक मिलिलिटर. दोन, सुरुवातीच्या दोन ते आठ आठवड्यांत गळती वाढते, कारण जुने केस ढकलून नवे निघत असतात. नेमकं तेव्हाच 'औषधाने उलट झालं' म्हणून बाटली फेकली जाते. गुण कळायला चार ते सहा महिने लागतात, आणि बंद केलं की मिळालेले केस काही महिन्यांत परत जातात. पुरुष फिनास्टराइडच्या गोळ्याही घेतात. पन्नाशीनंतर प्रोस्टेटसाठी पीएसए ही रक्ततपासणी करताना ही गोळी चालू असल्याचं डॉक्टरांना सांगावं, कारण तिने तो आकडा जवळपास निम्मा दिसतो. गरोदर बाईने मात्र ही गोळी घ्यायची नाही.

गोल चकती: चाई, नायटा, की व्रण?

एक दिवस न्हावी किंवा आई म्हणते, 'अरे, इथे चकती पडलीय.' ही चकती तीन प्रकारची असू शकते आणि तिन्हींची वाट वेगळी आहे.

चकतीवरून बोट फिरवा. सोललेल्या अंड्यासारखी गुळगुळीत, खाज नाही, कोंडा नाही, रंग आजूबाजूच्या कातडीसारखाच, तर ती बहुधा चाई. कडेला उद्गारचिन्हासारखे केस दिसतात, वर जाड आणि मुळाशी निमुळते. भिंगातून ते छान दिसतात.

चकतीवर पापुद्रे, खाज, मध्येच तुटलेल्या केसांचे काळे ठिपके, आणि डोकं लहान मुलाचं, तर तो डोक्यातला नायटा, म्हणजे बुरशी. हा मात्र पसरतो. कंगवा, टोपी, टॉवेल वेगळे ठेवायचे. बुरशी केसाच्या आत शिरलेली असते, म्हणून नुसत्या मलमाने जात नाही. पोटातून गोळ्या किंवा पातळ औषध कित्येक आठवडे द्यावं लागतं. मेडिकलमधून आणलेलं स्टेरॉइडमिश्रित मलम लावलं तर लाली जाते, आई निश्चिंत होते आणि बुरशी आत फोफावते.

तिसरी चकती कमी दिसते, पण घाई हिलाच लागते. कातडी चकचकीत, केसांची छिद्रंच बुजलेली, कडेला लाली किंवा आग. इथे सूज मुळांचा नाश करून व्रण सोडते. चाईत पीक कापलेलं असतं आणि मुळं जमिनीत शाबूत असतात. इथे जमिनीवर काँक्रीट पडत असतं. गेलेलं परत येत नाही, उरलेलं वाचवता येतं. म्हणून डॉक्टर चार मिलिमीटरचा तुकडा काढून तपासायला पाठवतो म्हणाले, तर 'डोक्याला सुई नको' म्हणून टाळू नये.

मग चाई म्हणजे काय?

वैद्यकीय नाव अलोपेशिया एरियाटा. 'अलोपेशिया' हा शब्द कोल्ह्यासाठीच्या ग्रीक शब्दावरून आला; खरूज झालेल्या कोल्ह्याचे केस झडतात तसं काहीसं. २०२२ च्या ऑस्कर सोहळ्यात विल स्मिथने ख्रिस रॉकच्या थोबाडीत मारली, त्याला निमित्त झालेला विनोद जेडा पिंकेट स्मिथच्या याच नावाच्या केसगळतीतून भादरलेल्या डोक्यावर होता. त्या रात्री जगभर लोकांनी हा शब्द शोधला.

आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी पहाऱ्यावर असतात. केसाच्या मुळाला एरवी त्यांच्यापासून एक आडोसा असतो, म्हणजे राखणदारांनी त्या खोलीत डोकवायचं नाही असा शिरस्ता. चाईत तो आडोसा मोडतो, आणि राखणदार घरच्याच माणसाला चोर समजून ठोकतात. सूक्ष्मदर्शकाखाली मुळाभोवती या पेशींचा घोळका मधमाश्यांच्या मोहोळासारखा दिसतो. मूळ मरत नाही, काम थांबवतं. म्हणून वर्षांनंतरही केस परत येऊ शकतात. नवे केस बऱ्याचदा आधी पांढरे येतात आणि मागाहून रंग धरतात.

रंगाचे केस आधी जातात, पांढरे बहुधा टिकतात. एका रात्रीत केस पांढरे झाल्याच्या कहाण्यांमागे हेच असावं: काळे गळाले, पांढरे तेवढे उरले.

शंभरातल्या सुमारे दोघांना आयुष्यात कधी ना कधी चाई होते. बहुतेकांना एक-दोन चकत्याच, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचे केस वर्षभरात औषधाशिवायही येतात. काहींचं मात्र सगळं डोकं जातं, आणि काहींच्या भुवया, पापण्या, अंगावरची लवसुद्धा. लहान वयात सुरुवात, मानेवरून कानांकडे सापासारखी जाणारी पट्टी आणि नखांवर सुईने टोचल्यासारखे खड्डे, ही चिवट चाईची लक्षणं. अशा वेळी थायरॉइड जरूर तपासावं. हे दोन आजार एकमेकांच्या ओळखीचे आहेत.

पण चाईत किडा असतो म्हणतात ना?

नसतो. 'केस खाणारा किडा' ही समजूत चकतीच्या आकारावरून आली असावी, कसर लागलेल्या शालीसारखी दिसते खरी. कंगवा, उशी, टॉवेल, मिठी, कशानेही चाई दुसऱ्याला होत नाही. घरात दोघांना दिसली तर ती रक्तातून आलेली असते, कंगव्यातून नव्हे.

कांदा-लसूण चोळून केस आलेत की लोकांना!

आलेत, नाकारायचं कारण नाही. एक तर लहान चकती आपणहूनच भरते. दुसरं, यात थोडं तथ्यही आहे. डॉक्टर स्वतः मोठ्या चाईवर डीपीसीपी नावाचं रसायन मुद्दाम लावून सौम्य ॲलर्जी उठवतात. कातडीवर नवं भांडण लावून दिलं की राखणदार मुळांचा नाद सोडतात, असा हिशेब. पण तिथे अगदी पातळ द्रावणापासून सुरुवात करून दर आठवड्याला मात्रा ठरवतात, लावल्यावर ४८ तास डोकं उन्हापासून झाकून ठेवायला सांगतात. घरी लसणाचा ठेचा बांधून ठेवला की कातडी भाजते. बिब्ब्याने तर फोड येतात, पू होतो आणि व्रण राहतो. मग जी चाई बरी होणारी होती, तिथे खरंच काँक्रीट पडतं.

आणि गोटा केल्याने केस दाट येतात का? वस्तरा मुळापर्यंत पोचतच नाही. कापलेलं टोक बोथट असतं, म्हणून हाताला राठ लागतं, इतकंच. बाळाचं जावळ काढावं, पण ते परंपरा म्हणून.

टेन्शनमुळेच होतं ना?

हा प्रश्न निरुपद्रवी वाटतो आणि सगळ्यात जास्त बोचतो. ताणाने काहींची चाई उसळते हे खरं, पण पाळण्यातल्या बाळालाही चाई होते, त्याला कसलं टेन्शन? 'टेन्शन घेऊ नकोस' याचा ऐकणाऱ्याला होणारा अर्थ 'तुझ्यामुळेच झालं' असा असतो. केस जाण्याचं दुःख, वर त्या दुःखाने आणखी केस जातील ही भीती, वर हा ठपका.

औषधं काय देतात

दोन-चार चकत्या असतील तर त्यांत स्टेरॉइडची इंजेक्शनं. बारीक सुई, एकेक सेंटिमीटर अंतरावर ०.०५ ते ०.१ मिलिलिटर, दर चार ते सहा आठवड्यांनी. दुखतं, पण क्षणभर. कातडीत छोटा खळगा पडू शकतो, तो बहुधा भरून येतो. लहान मुलांना सुईऐवजी मलम.

निम्मं किंवा जास्त डोकं गेलं असेल तर अलीकडे जॅक इनहिबिटर नावाच्या गोळ्या आल्यात. राखणदारांना चिथावणारा निरोपच त्या मध्ये अडवतात. अमेरिकेत जून २०२२ मध्ये बॅरिसिटिनिबला मोठ्यांच्या तीव्र चाईसाठी, आणि जून २०२३ मध्ये रिटलेसिटिनिबला १२ वर्षांपुढच्या मुलांसाठीही मान्यता मिळाली. चाचण्यांत बॅरिसिटिनिबच्या मोठ्या मात्रेवर ३६ आठवड्यांनी साधारण तीनातल्या एकाचं डोकं ८० टक्के किंवा जास्त भरलं. ज्यांच्यासाठी आजवर काहीच नव्हतं, त्यांना हे खूप आहे. पण दोघांचं तेवढं भरलं नाही, हेही ऐकून मगच सुरुवात करावी. गोळी बंद केली की पुष्कळांचे केस परत जातात. आणि या गोळ्या प्रतिकारशक्तीला लगाम घालतात, त्यामुळे दबून बसलेला टीबी उसळू शकतो. आपल्याकडे ही शक्यता कागदावरची नाही. सुरू करण्याआधी टीबी, कावीळ बी आणि सी, रक्तपेशी, यकृत, कोलेस्टेरॉल तपासलंच पाहिजे. ओळखीच्याच्या चिठ्ठीवर मेडिकलमधून घ्यायची ही गोळी नव्हे.

चालू असलेल्या चाईत हेअर ट्रान्सप्लांट करू नये. लावलेल्या मुळांनाही तेच राखणदार गाठतात. याची जाहिरात करणारी क्लिनिकं आहेत, म्हणून मुद्दाम लिहिलं.

बायोटिन घेऊन बघायला काय हरकत?

हरकत आहे. बायोटिन या जीवनसत्त्वाची खरी कमतरता फार कमी लोकांत असते, आणि जास्तीचं बायोटिन रक्ततपासण्या बिघडवतं. थायरॉइडचा रिपोर्ट भलताच येतो. हार्ट ॲटॅक ओळखणारी ट्रोपोनिनची तपासणी खोटी नॉर्मल येऊ शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्येच हा इशारा दिला. रक्त देण्याआधी गोळी किती दिवस थांबवायची ते विचारा, आणि लॅबमध्ये सांगा.

आणि सेलेनियम? 'केसांसाठी' म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक गोळ्यांत ते असतं. मोठ्या माणसाला दिवसाला ५५ मायक्रोग्रॅमच्या आसपास पुरतं, ४०० च्या वर धोका. अमेरिकेत २००८ साली एका पौष्टिक द्रवात चुकून लेबलवरच्यापेक्षा सुमारे २०० पट सेलेनियम पडलं आणि ते पिणाऱ्या बहुतेकांचे केस गेले. जीवनसत्त्व 'अ' जास्त झालं तरी केस गळतात. केसांच्या गोळ्यांनी केस जाणं हा विनोद नाही.

'शेवटी केसच ना' म्हणण्याआधी

भुवया गेल्या की घाम थेट डोळ्यात येतो. पापण्या नसल्या की धूळ आत जाते. स्कूटरवर साधा, बिननंबरचा चष्मा हवाच. नाकातले केस गेले की नाक सारखं वाहतं आणि लोक सर्दी समजून दूर बसतात. उघडी टाळू मे महिन्यात तासाभरात भाजते. सुती टोपी आणि एसपीएफ ३० चं क्रीम लागतं.

बाईच्या बाबतीत आणखी एक जुनं ओझं येतं. आपल्याकडे केस नसलेली बाई म्हणजे विधवा, हे समीकरण पिढ्यान्‌पिढ्या वस्तऱ्याने लिहिलं गेलं. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये मुंबईत न्हाव्यांनीच 'आम्ही विधवांचं केशवपन करणार नाही' असं ठरवलं. प्रथा गेली, नजर पूर्ण गेली नाही. हळदीकुंकवाला चाई झालेल्या सुनेला 'डोक्यावरून पदर घे गं' असं हळूच सांगितलं जातं, त्यात ती नजर असते.

घरच्यांनी काय करावं? रोज चकती बघायला मागू नका. महिन्यातून एकदा, त्याच खिडकीपाशी, तेवढ्याच अंतरावरून फोटो काढा. डॉक्टरांना तो उपयोगी पडतो आणि बाकीचे एकोणतीस दिवस सुटका होते. उपाय पाठवायचा मोह झाला तर 'पाठवू का?' असं आधी विचारा. पंचवीस जणांचे पंचवीस उपाय वाचून त्या माणसाला एकच कळतं, की सगळ्यांचं लक्ष डोक्याकडे आहे.

मूल शाळेत जात असेल, तर वर्गशिक्षिकेला आधी भेटा. टोपी घालायची लेखी परवानगी घ्या, म्हणजे बदली शिक्षक सगळ्यांसमोर ती काढायला लावणार नाहीत. वर्गाला सांगायचं की नाही, हे मुलाला ठरवू द्या. सांगायचं ठरलं तर तीन वाक्यं पुरतात: 'माझे केस एका आजाराने गेलेत. तो तुम्हाला होणार नाही. मला दुखत नाही.'

सलूनमध्ये गर्दी नसलेली वेळ मागून घ्यावी. न्हाव्याने चकती पाहिली तर मोठ्याने पुकारा न करता आरशात दाखवून विचारावं. पुष्कळांची चाई पहिल्यांदा त्यालाच दिसते, त्यामुळे 'स्किनच्या डॉक्टरांना दाखवा' हे त्याचं वाक्य मोलाचं असतं.

विग घेणार असाल तर आधी स्वयंपाकघराचा विचार करा. कृत्रिम धाग्याचा विग स्वस्त आणि सांभाळायला सोपा, पण गॅसची धग किंवा कुकरची वाफ लागली की पुढचे केस वितळून गुठळी होते. रोज चुलीपाशी उभं राहणारीने खऱ्या केसांचा घ्यावा किंवा स्वयंपाकाला सुती रुमाल बांधावा. आतून पातळ सुती टोपी घातली की घाम टिपला जातो. धुताना चोळायचा नाही. गार पाण्यात थोडा शाम्पू टाकून बुडवायचा, टॉवेलने दाबायचा आणि सावलीत वाळवायचा. ज्यांना विग नको, त्यांना 'घाल ना, छान दिसशील' म्हणू नये.

लग्नाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास येतो: मुलांना होईल का? घराण्यात चाई असली तर शक्यता थोडी वाढते, पण चाई असलेल्यांच्या बहुतेक मुलांना ती होत नाही. तेवढंच उत्तर द्यावं, आणि मुलीनेच द्यावं, मध्यस्थाने नव्हे.